आरवाडे, २००९

डॉ. हेमांगी आरवाडेंच्या पेपरचा जगात कुठेही कोणी संदर्भ दिला, की इकडे मिरजेत त्यांना उचकी लागायची. याचं कोणाला नवल वाटत नसे. आपली कोणी आठवण काढली की आपल्याला लागतेच की उचकी. बाईंची जरा लांबून यायची, एवढंच. पाणी पिऊन ती थांबत नसे. आठवण काढणाऱ्याचं नेमकं नाव घ्यावं लागे. मग जेवता जेवता बाई सुरू व्हायच्या: "ओसाकाचे तानाका? म्युनिकची ती श्मिट? अरे देवा, हैदराबादचे रेड्डी?" आणि रेड्डींवर उचकी गप्प.

पेपर एकच, मूत्रपिंडातल्या पेशींना मीठ कसं कळतं यावरचा. त्यानंतर त्यांनी पुष्कळ लिहिलं, याहून चांगलंही लिहिलं, पण ते कोणी ढुंकून बघेना. सगळं जग लिहायचं ते कंसात "आरवाडे, २००९".

आता यातली गंमत अशी, की प्रत्येक उचकीबरोबर घरातलं काहीतरी २००९ सालात परत जायचं. आधी फ्रिज गेला. बघतात तर नवा दोन दारांचा गायब, आणि त्या जागी जुना लाल, दाराला दोरी बांधलेला. मग मोबाइलला बटणं फुटली. हेमांगीताई घाबरल्या वगैरे नाहीत. उचकी लागली की घरभर फिरून काय बदललं ते शोधायचं, याचा त्यांना नादच लागला. नवरा सुकुमार तर भलताच खूश होता, कारण त्याच्या टकलावर केस आले होते.

"लिहू दे गं लोकांना," कंगवा फिरवत तो म्हणाला. "अजून मागे विरळ आहेत."

मग एका सकाळी ऋजुताचा, त्यांच्या दहावीतल्या मुलीचा, शाळेचा स्कर्ट घोट्याला लागला. स्कर्ट तोच होता, पोरगी बुटकी झाली होती.

"आई, मी किती सालची गं?"

"दहाची. मार्चमधली."

"मग नऊ साली मी कुठे होते?"

हेमांगीताईंची तव्यावरची पोळी करपली. "पोटात होतीस," त्या म्हणाल्या. "पेपर डिसेंबरात छापून आला, तेव्हा मला सहावा महिना होता."

ऋजुताने जरा विचार केला. पोरगी आईवरच गेली होती. "पण आई, संदर्भात नुसतं सालच असतं ना? महिना कुठे असतो?"

खरंच, नसतो. आणि नऊच्या जानेवारीत ऋजुता पोटातही नव्हती. गॅस बंद करून त्या तडक आपल्या संशोधन संस्थेत गेल्या आणि संचालक चौगुले सरांसमोर उभ्या राहिल्या.

"सर, माझ्या एकोणीस सालच्या पेपरचा कोणाला तरी संदर्भ द्यायला लावा. म्हणजे सगळं पुन्हा पुढे येईल."

"तुम्हीच द्या की मॅडम. सगळेच देतात."

"देऊन बघितला. आपणच आपली आठवण काढली तर उचकी लागत नाही, सर."

"तेही खरंच म्हणा." सरांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. "बरं, आधी तोंड गोड करा. तुमचा नऊचा पेपर पाठ्यपुस्तकात गेलाय! आता जगातलं प्रत्येक पोर तुमचंच नाव लिहिणार."

पेढा तोंडात होता तोवरच पहिली लागली.

रिक्षात तर उचक्यांची रीघ लागली. एक नाव घेईपर्यंत दुसरी, दुसरं सापडेपर्यंत तिसरी. आता घराबाहेरचंही मागे जाऊ लागलं; पुलापाशी रिक्षावाल्याच्या पांढऱ्या मिशा काळ्या झाल्या. त्याने आरशात बघून पीळ दिला आणि भाडं घेतलं नाही.

घरी ऋजुता दाराची चौकट धरून उभी होती, नुकतं पाऊल टाकायला लागलेलं मूल उभं राहतं तशी.

"आई, मजेशीर वाटतंय," ती म्हणाली. "पण नावं जरा भराभर घे ना."

हेमांगीताईंनी तिला उचलून छातीशी घट्ट धरलं. पुढच्या उचकीला हात रिकामे झाले आणि पोट जड झालं.

सुकुमार आतून आला. त्याचे केस आता कपाळावर येत होते. "अगं, कोणाशी बोलत होतीस?"

"ऋजुताशी."

"छान नाव आहे," तो म्हणाला. "मुलगी झाली तर हेच ठेवू."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर डिसेंबर होता. हेमांगीताई त्याच्यासमोर श्वास रोखून बसल्या. त्यांना मोठ्याने रडायचं होतं, पण रडलं तर श्वास सुटला असता. इतक्यात उचकी लागली. त्यांना नाही, पोटात, इवलीशी. म्हणजे तिचीही कोणीतरी आठवण काढली होती. बापाला तर ती ठाऊकच नव्हती.

"तुझी आई," पोटावर हात ठेवून त्या म्हणाल्या. "तुझ्या आईने काढली गं."

आतली उचकी थांबली. मग त्यांच्या स्वतःच्या घशात एक चढू लागली, तशी त्यांनी घाईघाईने सुरुवात केली: ओसाकाचे तानाका, म्युनिकची श्मिट, हैदराबादचे रेड्डी. वारा नव्हता, पंखा बंद होता, आणि मागे उलटलेलं नोव्हेंबरचं पान हळूहळू डिसेंबरवर उतरायला लागलं.