आडवा नारळ

नांदूरघाटच्या आसपास बोअर घ्यायचा म्हटलं की आधी शहादेव, मग मशीनची गाडी. शहादेव पानाड्या, जमिनीखालचं पाणी दाखवणारा. अनवाणी रानात उतरायचा, तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी पुढं, आणि चालू लागायचा. पाण्यावर आला की नारळ आपोआप उभा राहायचा. हात हलवतोस का रं, असं कुणी गमतीनं विचारलं तरी त्याला राग यायचा. मी काही करत नाही, तो आपला उठतो, असं तो सांगायचा आणि तसं मानायचाही. लबाड नव्हता तो, एवढं आधीच सांगून टाकलेलं बरं.

जळका मात्र होता. आणि जळायचा कुणावर, तर सख्ख्या धाकट्या भावावर. भारतकडं होतं काय? बांधापलीकडचं कोरडवाहू रान आणि पत्र्याचं घर. शहादेवची भरलेली विहीर, घरावर स्लॅब, दारात दोन म्हशी. पण वाटणीच्या वेळी आई, जानकीबाई, पत्र्याच्या घरात गेली. "तिथं मला करमतंय," एवढंच म्हणाली. ते वाक्य शहादेवच्या घशात अडकलं ते अडकलंच. एकदा त्यानं आईला बीडहून नवं ब्लँकेट आणलं. दुसऱ्या दिवशी ते भारतच्या पोरीच्या अंगावर दिसलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

यंदा भारतनं ठरवलं, जमवलेल्या पैशात एकच बोअर होतोय, तो घेऊन बघायचा. पाणी लागलं तर भाजीपाला करायचा. नाही लागलं तर नवरा-बायकोनं तोंडावर आलेला दसरा झाला की ऊसतोडीला जायचं, पोरांनी मामाकडं आणि आईनं दादाकडं राहायचं.

"दादा, जागा तूच दाव," भारत म्हणाला. "तुज्याशिवाय कुणावर भरवसा न्हाई."

शहादेवनं मनापासून देवाचं नाव घेतलं. भावाला पाणी लागू दे, असं तोंडानं म्हणालाही. आई बांधावर बसून बघत होती. उंबराच्या कोपऱ्याशी त्याचे पाय थांबले. इथली हरळी भर चैत्रातही हिरवी असायची. शेळ्या राखताना त्यानं लहानपणी पाहिली होती. तळहात किंचित थरथरला. तेवढ्यात त्याच्या मनात आलं, आई आपल्या पडवीत बसलीय, शेंगा फोडतीय. नारळ आडवाच राहिला. तो पुढं गेला, आणि पार वरच्या माळाच्या तुकड्यात नारळ ताडकन उभा राहिला.

मशीननं दिवसभर नुसता फुफाटा उडवला. पांढऱ्या धुळीनं भारतच्या भुवया माखल्या. "तुजा काय दोष, दादा," तो म्हणाला, "आमचंच नशीब." शहादेवला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण संध्याकाळी ठरल्याप्रमाणे आई बोचकं घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा त्याला इतका आनंद झाला की लपवता येईना. बायकोला, अंजनाला, त्यानं दोनदा सांगितलं, भाकरीवर लोणी जास्त घाल.

आई लोणी बाजूला सारून जेवली. पडवीत बसली, पण तोंड बांधाकडं. दोन दिवस हेच चाललं. शहादेव तिच्याभोवती घुटमळत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं विचारलं, "त्या दिशी उंबरापाशी तू कावून थांबलतास?"

"थांबलतो व्हय? न्हाई, आय. नारळ उठला न्हाई तितं."

"चल. नारळ घे."

ती पुढं, तो मागं. उंबराच्या कोपऱ्यावर त्यानं नारळ तळहातावर ठेवला. नीट धरायच्या आतच तो उभा राहिला.

"परवा निजलाता, आज उठला," आई म्हणाली. "पाणी काय हितं आजच आलं व्हय रे?"

शहादेव हाताकडं बघत राहिला. नारळाला काही कळत नव्हतं. त्यानं लहानपणी पाहिलेली हरळी हाताला माहीत होती, आणि आई हवी हेही हातालाच माहीत होतं. शहादेवला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. आयुष्यभर ज्या हातावर पोट आणि मान दोन्ही उभं होतं, त्याची आता त्याला भीती वाटली. आणि तरीही भारतवरचा राग गेला नाही, हे आणखी वाईट.

"उद्या सकाळी भारत ऊसतोडीच्या मुकादमाला शबुद देनार हाय," आई म्हणाली. 

शहादेवनं नारळ खाली ठेवला. भारत राहिला तर आई जाणार, हे त्याला आता स्वच्छ दिसत होतं. या वेळी हातावर ढकलायची सोय नव्हती. बराच वेळ तो उंबराखाली बसला, आई शेजारी उभी होती. मग मोबाईल काढला.

"भारत, मुकादमाला नगं म्हन. माज्या इहिरीवरनं पाईप टाकू. पानी दोगांना पुरतंय."

पलीकडं भारत रडायलाच लागला. "दादा, तुज्यावानी मानूस न्हाई बग," म्हणाला.

शहादेवनं हे आईला सांगायला मान वर केली. आता ती दोन शब्द कौतुकाचे बोलेल, निदान आजची रात्र थांबते म्हणेल, असं त्याला वाटत होतं. पण उंबराखाली आई नव्हती. पाईपचं ऐकताच ती निघाली होती, केव्हाच समोरच्या पडवीत पोचली होती, आणि लगबगीनं बोचकं बांधत होती.