आवाजाचं घर

"केबिन रोडवर आपलं स्वताचं घर हाय. दोन खोल्या हायत, वर गच्ची हाय. आणि पोटचा पोरगा येऊन हॉटेलात उतरतो! शेजारची उर्मिला काय म्हणंल?"

शांताबाईंनी रिक्षात बसल्या बसल्या हा विषय काढला होता. काशीमीऱ्याच्या सिग्नलला ट्रकांच्या गर्दीत रिक्षा अडकली तरी तो संपला नव्हता.

"उर्मिलेला सांग, आमच्या सुनेला स्वयंपाक करायचा कंटाळा आलाय," गोवर्धन गुरुजी म्हणाले.

"मस्करी सुचते तुम्हाला."

हॉटेल कशासाठी हे शांताबाईंनाही पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असलं म्हणून टोचायचं थोडंच थांबतं?

गुरुजींची नात आरोही पाच वर्षांची. बारशाला हे सुरांचं नाव मोठ्या हौसेनं ठेवलं, तेव्हा बाळाला ऐकू येत नाही हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गेल्या वर्षी मुंबईत ऑपरेशन झालं. कानामागे एक लहानसं मशीन आणि केसांत लोहचुंबकानं चिकटून राहणारी एक गोल चकती, एवढं लावलं की आरोहीला ऐकू येऊ लागणार होतं. पण चार वर्षं शांततेत वाढलेल्या पोरीवर एकदम सगळे आवाज तुटून पडले. मशीन सुरू झाल्यावर मागच्या खेपेला मुलगा निकेत आणि सून भाविका तिला घेऊन केबिन रोडच्या घरीच उतरले होते. खाली दुकानांच्या सेलचे भोंगे, रिक्षांचे हॉर्न, शेजारच्या इमारतीत ड्रिल. पोर पलंगाखाली जाऊन बसली ती चकती मुठीत घट्ट धरून. चिपळूणला आपल्या घरी परत गेल्यावरही किती तरी दिवस तिनं ती डोक्याला लावू दिली नाही.

आता परवा पुन्हा हॉस्पिटलात मशीन तपासायला न्यायचं होतं. तिथल्या बाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, मुलगी दिवसभर मशीन लावून वावरली तरच कान शिकतील. हे शिकण्याचं वय फार थांबत नाही. निदान हे दोन दिवस कुठेतरी शांत ठिकाणी राहा.

म्हणून घोडबंदर किल्ल्याच्या अलीकडे, हायवेपासून आत वळलेल्या रस्त्यावरचं हे हॉटेल. मागे खाडी, समोर चिंचेची झाडं. काउंटरवरचे धर्मेशभाई सुद्धा देवळात बसल्यासारखे हळू बोलत.

"आवो मास्तरजी," ते कुजबुजले. "बेबी ऊपर है. सब अच्छा है, लेकिन मम्मी थोडी थक गयी है."

वर खोलीचं दार उघडताच आरोही धावत आली. गुरुजींच्या गुडघ्याला मिठी मारून तिनं दोन बोटांनी आपल्या ओठांवरच्या नसलेल्या मिशीला पीळ दिला. ही खूण म्हणजे आबा. त्यांनी तिच्या हनुवटीला खालून टिचकी मारली. ही खूण म्हणजे आरोही. अशा कितीतरी खुणा दोघांनी मिळून बनवल्या होत्या. तिच्या कानामागे मात्र काहीच नव्हतं. मशीन भाविकाच्या हातात होतं.

"बाबा, खाली लॉबीत चांगलं होतं तिचं," भाविका म्हणाली. तिचा आवाज रडून थकलेल्या माणसासारखा कोरडा होता. "खोलीत आली की काढून टाकतेय. इथे तर काहीच आवाज नाही! आम्ही टीव्हीसुद्धा लावलेला नाही. मग काढते का?"

"लाव बघू परत," निकेत म्हणाला.

भाविकानं हळूच मशीन लावलं, चकती चिकटवली. नात किती दिवसांनी दिसत होती! शांताबाईंना राहवलं नाही. त्यांनी दोन्ही हात पसरून तिला जवळ ओढलं आणि मनगटांवरच्या काचेच्या हिरव्या बांगड्या तिच्या कानाशीच खळखळल्या. आरोहीनं डोळे गच्च मिटले आणि चकती उपटून गादीवर टाकली.

"आई, बांगड्या..." भाविकाच्या तोंडून निघून गेलं.

शांताबाई मागे सरकल्या. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर किल्ल्याची काळी भिंत दिसत होती. त्या भिंतीकडे बघत राहिल्या, पण बघत नव्हत्या.

गुरुजी जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांनी उभा जन्म पहिलीच्या वर्गाला शिकवलं होतं. वरचे वर्ग मिळत असतानाही ते पहिली सोडत नसत. त्यांच्या वर्गात फळ्यावर अक्षर नंतर यायचं. आधी टेबलावर खरी वस्तू यायची. कणीस आलं, मुलांनी हातात घेतलं, हुंगलं, एकदोघांनी दाणेही खाल्ले, की मग खडू उचलायचा. हातात काही नसताना नुसतं अक्षर समोर आलं की मूल घाबरतं, असं ते नव्या शिक्षकांना सांगत.

त्यांनी चकती उचलून आपल्या तळहातावर ठेवली आणि तळहात आरोहीसमोर धरला. लावली नाही. नुसती धरली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, चकतीकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे. भाविका काही बोलणार तोच त्यांनी मानेनं थांबवलं. बऱ्याच वेळानं आरोहीनं स्वतःच ती उचलून केसांत चिकटवली.

गुरुजी फक्त तिचे डोळे बघत राहिले. डोळे छताकडे गेले, पंख्याकडे, एसीकडे, पलंगाखाली. एका जागी ठरत नव्हते. माशी कानाशी गुणगुणत असावी आणि दिसत नसावी, तशी तिची मान फिरत होती.

"एसी बंद कर," ते निकेतला म्हणाले.

एसी बंद झाला. डोळे तसेच फिरत राहिले. हात चकतीकडे निघाला.

"ही काहीतरी ऐकते आहे, आणि ते कुठून येतंय ते हिला कळत नाही."

"पण काही आवाजच नाहीये, बाबा."

"आपल्याला नाही. आपण ऐकून ऐकून सोडून दिलेलं असेल."

गुरुजी उठले. भिंतीवर हात ठेवला, कपाटावर ठेवला, खुर्चीवर, टेबलावर. टेबलाशी थबकले. टेबलाच्या पोटात हॉटेलवाल्यांनी एक छोटा फ्रिज बसवला होता. त्याच्या दारावर हात टेकला तर दार बारीक थरथरत होतं. आता कान दिल्यावर त्यांनाही ते ऐकू आलं. ऊंऽऽ, न थांबणारं.

त्यांनी आरोहीचा तळहात धरून त्या दारावर ठेवला. तिचे फिरणारे डोळे थांबले. गुरुजींनी फ्रिजचं बटण बंद केलं. थरथर थांबली. आरोहीनं तोंडाचा चंबू करून खोलीभर पाहिलं. पुन्हा बटण. पुन्हा ऊंऽऽ. मग तिनं आबांचा हात बाजूला सारला आणि बटण स्वतःच्या ताब्यात घेतलं. बंद, चालू, बंद, चालू. प्रत्येक वेळी ती मागे वळून आईकडे बघे, जणू आईला हे माहीतच नव्हतं.

माहीत नव्हतंच. भाविका पलंगाच्या कडेला बसून हसत होती आणि डोळे पुसत होती.

"प्रत्येक आवाजाला घर असतं," गुरुजी म्हणाले. "घर सापडलं की भीती जाते. आपण आवाज बंद करत बसू नये. तिच्याबरोबर त्याचं घर शोधावं."

"म्हंजे माझ्या बांगड्यांचं काय न्हवतं?" खिडकीजवळून शांताबाईंनी विचारलं.

गुरुजींना खोटं बोलता आलं असतं. "त्यांचंही होतं," ते म्हणाले, "पण एकट्या त्यांचंच नव्हतं."

शांताबाईंनी हात पदराबाहेर काढले नाहीत.

दिवेलागणीपर्यंत आजोबा-नात आवाजांची घरं शोधत होते. नळाचं घर सापडलं, कपाटाच्या बिजागरीचं सापडलं. नवा आवाज आला की आरोही कानाला बोट लावी आणि तळहात उताणा करी. ही नवी खूण तिची तिनंच काढली. म्हणजे, कुठे?

सकाळी गुरुजी एकटेच रिक्षानं आले. निकेत, ते आणि आरोही किल्ल्यावर निघाले.

गुरुजींनी या किल्ल्यावर मुलांच्या किती सहली आणल्या असतील! पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, अरबी घोड्यांची गलबतं, सगळं त्यांना पाठ. निकेतनंही लहानपणी ते इतकं ऐकलं होतं की दरवाजाशी पोचताच तो म्हणाला, "बाबा, आता सुरू करा. 'मुलांनो, या बंदरात घोडे उतरत...'"

"आज मी गप्प," गुरुजी म्हणाले. "आज किल्लाच बोलेल."

आत पाऊल टाकलं आणि आरोही जागीच थांबली. झाडांपलीकडून एक जाड, सलग घरघर येत होती. हायवे. केबिन रोडवर जिनं तिला पलंगाखाली पळवलं होतं, त्याच जातीची. तिचा हात वर गेला. बोटं चकतीवर टेकली.

निकेत पुढे झाला. "आरू, नको..."

"थांब जरा," गुरुजी म्हणाले. "हात तिचा आहे."

त्यांनी कानाला बोट लावलं, तळहात उताणा केला. कुठे? आणि तिच्या दुसऱ्या हाताला धरून पायऱ्या चढू लागले. गुडघे कुरकुरत होते, पण ते मध्ये थांबले नाहीत. तिची बोटं अजून चकतीवरच होती. वर तटावर पोचल्यावर खाडी दिसली, खाडीवरचा पूल दिसला, आणि पुलावरून मुंग्यांच्या रांगेसारखे ट्रक जाताना दिसले. गुरुजींनी बोट दाखवलं. एक ट्रक, त्याच्यामागे दुसरा, लाल, पिवळा.

आरोही बराच वेळ बघत राहिली. एवढा मोठा आवाज, आणि घर एवढंसं! तिनं दोन बोटांच्या चिमटीत एक ट्रक पकडून दाखवला. दुसरा हात आबांच्या हातात होता, म्हणून चिमटीसाठी चकतीवरचाच हात खाली आला.

निकेतनं तोंड फिरवून खाडीकडे पाहिलं. "वारा फार आहे इथे," तो डोळे चोळत म्हणाला.

"हो ना," गुरुजी म्हणाले. पानही हलत नव्हतं.

उतरताना ते तिला कमानीखालच्या दगडी खोलीत घेऊन गेले. सहलीची पोरं इथे हमखास ओरडायची आणि गुरुजी कधी रागवायचे नाहीत. आरोहीला काळोखाची गंमत वाटली, ती खिदळली, आणि तिच्या तोंडून जोरात निघालं, "आऽ!"

भिंतीनं ते परत दिलं.

ती चपापली. बोट कानाला, तळहात उताणा. कुठे? कमानीमागे जाऊन आली, दगडांच्या फटीत डोकावली, वर वटवाघळं आहेत का पाहिलं. पुन्हा "आऽ!" पुन्हा भिंतीतून "आऽ". घर काही सापडेना. शेवटी ती आबांपुढे येऊन उभी राहिली आणि दोन्ही तळहात उताणे केले.

गुरुजी उकिडवे बसले. त्यांनी तिचा तळहात घेऊन तिच्याच गळ्यावर ठेवला आणि 'हूं' अशी मान हलवली. तिनं घाबरत, हळूच म्हटलं, "आऽ". गळा हाताखाली थरथरला, कालच्या फ्रिजच्या दारासारखा.

तिनं हात काढला नाही. पुन्हा म्हणून पाहिलं. मग दुसरा हात आबांच्या गळ्यावर ठेवला आणि वाट बघू लागली.

"आरोही," गुरुजी म्हणाले. उभ्या जन्मात हजारो हजेऱ्या घेतल्या, पण एक नाव उच्चारताना आवाज इतका कधी कापला नव्हता.

ते हॉटेलवर परतले तेव्हा शांताबाई डबा घेऊन येऊन बसल्या होत्या. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटाची चटणी, नातीसाठी बिनकाट्याच्या माशाच्या तुकड्या. खोलीतल्या टेबलावर त्या इतक्या हळू वाढत होत्या की वाटीला चमचाही लागत नव्हता. गुरुजींचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं आणि तिथेच राहिलं. दोन्ही मनगटांवरच्या बांगड्यांभोवती त्यांनी रुमाल गुंडाळून गाठी मारल्या होत्या. एक गुरुजींचाच पांढरा होता.

"हे काय गं?"

"सवाष्णीनं हात उघडे ठेवू नयेत," त्या पुटपुटल्या, "आणि पोरीला तरास पण नको."

भाविकाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "आई, मी काल तसं म्हणायला नको होतं..."

"तू काय वावगं बोलली न्हाय. वाढ."

शांताबाईंनी भाकरी मोडून आरोहीच्या ताटलीत ठेवली. रुमालाच्या आत काहीतरी बोथट वाजलं. आरोहीची मान वर झाली. बोट कानाला गेलं, तळहात उताणा झाला. तिनं वाटीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. शांताबाईंनी पटकन हात मागे घेतला, तसं ते पुन्हा वाजलं, आणि नातीचे डोळे बरोबर त्या मनगटावर येऊन थांबले.

ती खुर्चीवरून उतरली. आजीचा हात पकडला आणि रुमालाची गाठ सोडू लागली.

"नको गं बाय, नको. अहो, सांगा ना तिला!"

गुरुजी नातीची बोटं बघत राहिले.

गाठ घट्ट होती. आरोहीनं दातानं सोडवली. रुमाल गळून पडला आणि बांगड्या मोकळ्या होऊन खळ्ळकन एकमेकींवर आपटल्या. ती दचकली. हात चकतीकडे गेला.

हात वाटेतच थांबला, खाली आला, आणि तिनं आजीचं मनगट धरून मुद्दाम हलवलं. खळखळ. पुन्हा हलवलं. मग कान अगदी बांगड्यांना टेकवून तिसऱ्यांदा हलवलं, आणि मान वर करून आजीकडे पाहत खुदकन हसली.

शांताबाईंनी दुसरा रुमाल आपल्या हातानं सोडला आणि त्याचंच टोक डोळ्यांना लावलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तिला तुमच्या त्या खुणेनं सांगा ना. म्हणावं, घरी अजून हायत. डबा भरून हायत. लाल, पिवळ्या, सोनेरी टिकल्यांच्या."

गुरुजींनी निकेत-भाविकाकडे पाहिलं.

"खाली हॉर्न आहेत, आई," भाविका म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण रिक्षा दिसतील तिला खिडकीतून. जेवून जाऊ या. नाही जमलं तर संध्याकाळी इथे परत येऊ."

"ही खोली कुठे पळून जातेय?" निकेत म्हणाला.

गुरुजींनी दोन्ही हातांचं छप्पर केलं, ही घराची खूण. मग आजीची खूण, कपाळावर बोट. मग मनगट हलवून दाखवलं.

आरोहीनं जेवण संपायची वाट पाहिली नाही. ती दाराशी गेली, चपला पायात घातल्या आणि एक पाऊल टाकून थांबली. खाली पाहिलं. पुन्हा पाऊल टाकलं.

फट.

या आवाजाचं घर तिचं तिला सापडलं होतं. आबांना न विचारता.