झाडापाशी वळायचं

शाळेच्या फाटकाजवळचं झाड शेवटी तोडलं.

असं काही झालेलं नाही. झाड आहे तिथंच आहे, पानगळीचे दिवस आहेत आणि झाडाखाली शाळेचा शिपाई खराटा घेऊन उभा आहे. एवढं आपण धरून चालू. शिपाईही तेच धरून चालला होता.

शिपाई कंत्राटी होता. म्हणजे काम कायमचं, नोकरी तात्पुरती. घर शाळेमागच्या बोळात, घरात बायको आणि वडील. अण्णा एके काळचे गवंडी, अर्धं गाव त्यांच्या हातचं. आता गाव राहू द्या, पोटचा मुलगाही त्यांना ओळखू येत नसे. मुलाला ते 'साहेब' म्हणत, सुनेला 'मावशी'. रोज दुपारी पिशवी घेऊन 'कामावर' निघत, गावभर भिंती थोपटत फिरत आणि उन्हं उतरली की परत येत. डोक्यातलं सगळं सामान हललं होतं, एकच गोष्ट जागेवर होती : झाडापाशी वळायचं. खालच्या फांदीला पिशवी अडकवायची, बुंध्यावर हात ठेवून दम खायचा, पिशवी काढायची आणि डावीकडे वळायचं. समोर घर.

बायकोनं एकदा त्यांना घरात कोंडून बघितलं. त्यांनी आतून भिंत फोडायला घेतली.

"फिरू द्या त्यांना," डॉक्टर म्हणाले. "झाड आहे तोवर काळजी नाही."

मग निवडणूक आली.

उमेदवार दोन. किराणा दुकानदाराला चिन्ह मिळालं हिरवं पान, वीटभट्टीवाल्याला मिळाली शिट्टी. मतदान शाळेत. मतदानाच्या जागेजवळ कुणाचंही चिन्ह दिसता कामा नये असा नियम होता. नियम चांगलाच होता, फक्त तो पानगळीत आला.

पहिली तक्रार भट्टीवाल्याची : शाळेच्या अंगणात दुकानदाराचा प्रचार पडलाय, पोत्यानं.

निवडणुकीचे साहेब शहरातून सर्दी घेऊन आले होते. त्यांनी पानं हटवायला सांगितलं. शिपायानं अंगण झाडलं. झाडून मागं वळला, तर मागं पुन्हा प्रचार.

"काय रे, किती खाल्लेस दुकानदाराकडून?" भट्टीवाल्याच्या माणसानं विचारलं.

"मी कसला खातोय! झाडाला विचारा."

"झाडाकडं येतोच मी."

दुकानदार काही हातावर हात ठेवून बसला नव्हता. त्यानं शिट्टीची तक्रार केली. खेळाच्या मास्तरांची शिट्टी जप्त झाली. मास्तर टाळ्या वाजवून कवायत घेऊ लागले, तर मुलांना वाटलं आपलं कौतुकच चाललंय, आणि ती जागची हलेनात. शाळेजवळच्या घरांना कुकर लावायची बंदी झाली. शिपायाच्या घरी बटाटे दातांशी भांडू लागले.

"माझं मत ठरलं," बायको म्हणाली. "जो जास्त जोरात पडेल त्याला."

तेवढ्यात दुकानदाराची दुसरी तक्रार आली. माझं पान हिरवं. ही पिवळी पानं रोज मतदारांदेखत गळतात. दुकानदार आता गळाला, असा हा अपप्रचार आहे.

साहेबांनी दोन्ही तक्रारी शेजारी ठेवल्या. गावाचं रस्त्यावरून एकमत झालं नव्हतं, पाण्यावरून झालं नव्हतं, ते झाडावरून झालं. भट्टीवाल्यानं करवत देऊ केली, दुकानदारानं दोर.

शिपायानं साहेबांचे पाय धरले. "साहेब, माझे वडील त्या झाडावरून घरी येतात."

साहेबांनी वर पाहिलं. "फांद्यांवरून?"

"नाही हो. झाड बघून वळतात. डोकं चालत नाही त्यांचं."

"मग पाटी लावा."

"वाचता येत नाही आता."

"मतदार आहेत ना?"

"आहेत."

"मग उद्या वेळेवर आणा," साहेब म्हणाले आणि नाक शिंकरलं. पण माणूस दुष्ट नव्हता. जाता जाता म्हणाले, "उद्या सकाळी झाडावर एकही पान दिसलं नाही, तर माझी झाडाला हरकत नाही."

शिपाई झाडावर चढला. हाताला येतील ती पानं खुडली, शेंड्याकडची काठीला विळा बांधून उतरवली. बायको खाली चादर धरून उभी. तिन्हीसांजेला अण्णा आले. पिशवी अडकवली, बुंध्यावर हात ठेवला, वर पाहिलं.

"साहेब, काय बांधकाम काढलंय?"

"पाडकाम आहे, अण्णा."

"परवानगी आहे?"

"आहे."

"मग पडेल," अण्णा म्हणाले आणि डावीकडे वळले.

सकाळी झाड लख्ख उघडं होतं. साहेब खूश झाले. मग दुकानदार आला आणि त्यानं कपाळावर हात मारला. "मतदानाच्या दिवशी, ऐन दारात, एकही पान शिल्लक नाही! पानाचा सुपडा साफ, हेच सांगताय ना लोकांना?"

पाठोपाठ भट्टीवाला. "ओकंबोकं झाड बघून बायाबापड्या हळहळतील. सगळी सहानुभूती पानाला जाईल!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

आता सुरुवातीला जे झालं नाही म्हणून सांगितलं, ते झालं.

संध्याकाळी मतदान संपलं, गुलाल नाही तर निदान आरडाओरडा तरी झाला असेल. शिपायाच्या कानावर काही आलं नाही. तो अण्णांना शोधत होता. अण्णा शाळेवरून सरळ गेले होते, गाव संपलं तरी सरळच. कुंपणाच्या एका पडक्या भिंतीशी सापडले; पिशवी मांडीवर, पाय सुजलेले, ओठ कोरडे.

"अण्णा, घरी नाही का जायचं?"

"जायचंय ना साहेब. झाड आलं की वळणार. आज अजून आलंच नाही."

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायला लागली तसा शिपाई उरलेल्या खुंटावर चढला आणि त्यानं एक हात आडवा धरला. अण्णा आले. पिशवी त्याच्या हाताला अडकवली, छातीवर तळवा ठेवून दम खाल्ला, पिशवी काढली, डावीकडे वळले.

घरी जाऊन सुनेला म्हणाले, "मावशी, झाडाला ताप आहे. बघा जरा हात लावून."

गाव हसलं. मग गावाला सवय झाली. एकानं तर त्याला सायकल टेकवून ठेवली. शिपाई हललाही नाही, कारण अण्णा कोपऱ्यावर दिसत होते.

पण महिनाअखेर कंत्राट संपत होतं, आणि निवडून आलेल्याला एक बेकार भाचा होता. शाळेच्या मोठ्या बाईंनी शिपायाला खोलीत बोलावून हे हळू आवाजात सांगितलं. "दुसऱ्या गावी बघ काहीतरी," त्या म्हणाल्या. "इथं काय उभा राहणार आहेस जन्मभर?"

शिपायानं बाईंच्याच टेबलावर कागद ठेवून उभ्याउभ्या अर्ज लिहिला.

'विषय : झाड मिळणेबाबत. महोदय, शाळेच्या फाटकाजवळील झाड निवडणुकीच्या कामी तोडण्यात आले आहे. निवडणूक संपली आहे. तरी सदर झाड होते त्या जागी, होते त्या उंचीचे, खालच्या फांदीसह पूर्ववत उभे करण्यात यावे. ते शक्य नसल्यास, झाडाच्या रिक्त झालेल्या जागेवर अर्जदारास कायम करण्यात यावे. अर्जदारास पाने नाहीत व शिट्टी वाजवता येत नाही. ही नम्र विनंती.'