एका नाण्यात मावणारा मासा

गळ टाकणारे पुरुष मासा केवढा होता ते हात फाकवून सांगतात. आमचे हे चिमटीत सांगतात. आमच्या तळ्याकाठच्या मंडळींना वेड आहे तानागोचं, म्हणजे इवल्याशा माशाचं, आणि तो जितका बारका तितका मान मोठा. एक येनच्या नाण्यावर आडवा ठेवल्यावर नाक-शेपूट बाहेर आली नाही, की मंडळाच्या भिंतीवर तुमच्या नावाची लाकडी पाटी लागते.

ह्यांची पाटी सव्वीस वर्षांत लागली नव्हती. मंडळातल्याच कुरामोचींच्या तीन होत्या.

दिवसभर भिंगाखाली गळ घासत बसायचे. घासून घासून इतका बारीक, की एकदा मी तो चटईवरचा कचरा समजून झाडून टाकला. केवढा तमाशा! ताटात काय वाढलंय ते मात्र ह्यांना कधी दिसलं नाही. एक्केचाळीस वर्षांत 'आज काय केलंयस?' एवढंही नाही. वाटी पुढे सरकवली की समजायचं, जेवण झालं.

यंदा ह्यांचा हात थरथरायला लागला. "फुसाए, पुढच्या हिवाळ्यात काही माझ्याच्याने गळ बांधवणार नाही," असं एकदा बोलून गेले.

आणि जानेवारीत कमळकाकडीच्या शेतांमधल्या पाटावरून हे चिखलाने माखून आले ते ओरडतच. "एकोणीस मिलिमीटर! फुसाए, एकोणीस!"

नाणं वीस मिलिमीटरचं असतं. मंडळाची बैठक दोन आठवड्यांवर होती आणि मासा जिवंत आणावा लागतो. मागे कुणीतरी मेलेला मासा उन्हात सुकवून आखूड करून आणला होता, तेव्हापासूनचा हा नियम. ह्यांनी काचेची डबी थंडगार ओसरीत ठेवली आणि मला बजावलं, "खायला काही घालायचं नाही."

"दोन आठवडे उपाशी? अहो, मरेल तो!"

"थंडीत त्यांना भूक नसते. तू यात पडू नकोस."

पडले. मेला तर कसली पाटी आणि कसलं काय? हे न्हाणीघरात शिरले, की मी डबी शेगडीजवळ आणायची. ह्यांचं आमिष असतं अंड्यातला पिवळा बलक आणि मैदा. मी ते जरा सैल कालवलं, मधाचा एक थेंब घातला आणि दातकोरणीच्या टोकावर धरलं. गडी मिटक्या मारत खायचा! चार दिवसांत मला पाहिलं की काचेशी येऊन उभा राहायला लागला. या घरात माझी कुणी अशी वाट पाहिली नव्हती.

बैठकीला मीही गेले. मंडळाचे प्रमुख नुकागासान यांनी ओल्या नाण्यावर मासा ठेवला. सगळे भिंगं घेऊन वाकले. शेपूट बाहेर होती. केसभरच, पण बाहेर.

कुरामोचींनी भिंग खाली ठेवलं आणि ह्यांना म्हणाले, "ओरिकासासान, मासा खात्यापित्या घरचा दिसतो हो! पुढच्या महिन्यात आणा, साशिमी करू, काप काढून कच्चाच खाऊ."

सगळे खो खो हसले. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझंच माप चुकलं असेल. डोळे गेले आता माझे."

बसमध्ये हे डबी मांडीवर घेऊन बसले होते. घरी आल्यावर मला राहवलं नाही.

"मी घातलं खायला," मी म्हटलं, आणि रडूच फुटलं. "रोज. मरू नये म्हणून. काय बोलायचं ते बोला."

ह्यांनी डबी खाली ठेवली. मग म्हणाले, "काय घातलंस?"

"तुमचंच. बलक आणि मैदा."

"आणि खाल्लं त्याने?"

"मिटक्या मारत."

"थांब." चष्मा शोधला, वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "किती सैल कालवलंस? बलक कच्चा की उकडलेला? अगं, माझं आमिष तोंडात घेऊन थुंकतात ते! उद्या सकाळी मला तू कालवून दे. हात थरथरला तर थरथरला, जातोच मी." मग वहीतून मान वर करून, डोळे भरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "फुसाए, तुझ्या हाताला चव आहे गं!"

हे ऐकायला मी एक्केचाळीस वर्षं थांबले होते. मधाचं मात्र मी सांगितलं नाही.