स्तोयांकाबाईंचा निळा परवाना

मित्रांनो, माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. मी पार्किंगचा एक जुना निळा परवाना आहे. पुढे चाकांच्या खुर्चीचे चित्र आणि मागे स्तोयांकाबाईंचा फोटो.

रूसे शहराच्या नगरपालिकेने मला त्यांच्या हाती दिले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांचा मुलगा क्रूम त्यांना पायांच्या व्यायामासाठी दवाखान्यात आणी. दारासमोर अपंगांसाठी राखीव जागा एकच होती. तिथे गाडी उभी करून तो मला काचेमागे ठेवी. व्यायाम संपला की स्तोयांकाबाई दोन काठ्यांवर लगबगीने बाहेर येत.

"आटप रे क्रूम! आंगेलभाऊ येतील आता. जागा मोकळी कर."

आंगेलभाऊ चाकांच्या खुर्चीत असत. तिथल्या हातांच्या व्यायामाने ते नुकतेच स्वतःच्या हाताने चमचा धरू लागले होते.

हिवाळ्यात स्तोयांकाबाई वारल्या. नियमाप्रमाणे मला परत करायला हवे होते. क्रूमने केले नाही. त्याचे चष्म्यांचे दुकान दवाखान्यासमोरच होते. आता तो रोज त्याच जागेवर दिवसभर गाडी लावू लागला. मी काचेमागून खोटे बोलत राहिलो.

एकदा आंगेलभाऊंची बायको वेनेता त्याच्या दुकानाच्या दारात आली.

"काय रे क्रूम, तुझे पाय कधी गेले?"

"आईचा परवाना आहे, मावशी. अजून वर्षभराची मुदत आहे."

"हो का? मग आई कुठंय? मागच्या सीटवर बसवलीस?"

तो ओशाळून हसला, पण गाडी काही हलली नाही. वेनेता मग दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावून, उखडलेल्या फरसबंदीवरून खुर्ची ढकलत आणी. पोहोचेपर्यंत आंगेलभाऊंची पाळी गेलेली असे. चार पाळ्या चुकल्यावर यादीतून त्यांचे नावच कमी झाले.

आई जाऊन सहा महिने झाले तेव्हा क्रूमने आईच्या आठवणीचा कागद छापून घेतला, आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी भिंतींवर, खांबांवर लावतात तसा. त्यावर माझ्याच पाठीवरचा फोटो होता. आई इथेच उतरायची, म्हणून त्याने तो राखीव जागेच्या खांबावर चिकटवला. कडा हाताने दाबताना त्याचे डोळे भरून आले होते. मग नेहमीप्रमाणे गाडी तिथेच ठेवून तो दुकानात गेला.

दुपारी नगरपालिकेच्या तपासनीस बाई आल्या. त्यांनी क्रूमला बोलावून मला मागितले, उलटे केले आणि मान वर करून खांबाकडे पाहिले.

"या तुमच्या आई?"

"हो."

"मग गाडी कोणासाठी उभी केलीत?"

क्रूमला दंड झाला, महिनाभरासाठी लायसन्सही गेले.

"दंड भरतो, ताई. पण तो परवाना तेवढा द्या ना. आईचा फोटो आहे हो त्यावर."

"तो सहा महिन्यांपूर्वीच परत द्यायचा होता," त्या हळूच म्हणाल्या आणि मला पाकिटात घातले.

आता मी कचेरीच्या खणात कात्रीची वाट पाहत आहे. काल त्या बाई कोणाला तरी सांगत होत्या, ती जागा हल्ली रिकामी असते. खुर्चीतले आजोबा मात्र येत नाहीत. त्यांना आता बायको भरवते.

मित्रांनो, मी गाडीचा नसतो, माणसाचा असतो. ते माणूस गेले, की मलाही जाऊ द्या.