टॅनियाचं कोरं पान

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे. जुनी असले तरी झिजलेली नाही. माझं अर्ध्याहून जास्त अंग अजून शाबूत आहे, आणि त्याचीच मला लाज वाटते. का, ते ऐका.

कारखान्यात मला जांभळा रंग दिला, वर चमकी लावली आणि डोक्यावर मऊ पिसांचा तुरा बसवला. माझ्या पोटातल्या शिशाकडे मात्र कुणी लक्ष दिलं नाही. ते कडक होतं, मेणचट होतं. मला तरी कुठे ठाऊक होतं? मी आपली तुऱ्यावर खूश!

मीरा रोडला अल्पेशभाईंच्या दुकानात मी काचेच्या बरणीत उभी असे. एका संध्याकाळी लुईझा आली. ती तिथल्याच पूनम सागर वसाहतीतल्या एका दवाखान्यात कामाला होती, घर मात्र लांब उत्तनच्या कोळीवाड्यात. तिच्या मुलीचा वाढदिवस होता.

"भाभी, ये तो दिखावे की है," अल्पेशभाई म्हणाले. "लिखने के लिए ये सादी ले जाओ. डार्क चलती है."

"नही भैया, बर्थडे है उसका. ये तुरेवालीच द्या."

आपण जिंकलो, असं मला वाटलं.

लुईझाची मुलगी टॅनिया तिसरीत शिकत होती. तिनं मला गालावरून फिरवलं, उशाशी घेऊन झोपली. वर्गात मुली माझ्या तुऱ्याला हात लावायला रांग लावत. आठ दिवस माझा नुसता थाट होता.

पण लिहायला घेतलं की मी उमटेना. टॅनिया जोर लावायची, की टोक मोडायचं. पुन्हा शार्पनर, पुन्हा जोर. तिच्या मधल्या बोटावर आधी लाल वळ उठला, मग गाठ आली. वर्गशिक्षिका उर्मिलाबाई म्हणायच्या, "किती फिकट हे! जरा मनापासून लिही गं." टॅनिया मान खाली घालायची. घरी ती आजोबांना म्हणाली, "माझ्या हातात जोर न्हाय."

आजोबा व्हिन्सेंट जाळं विणता विणता हसले. "मावरं खा दोन घास जास्ती. येल जोर."

पोर खरंच रोज जास्तीची मासळी खाऊ लागली. दोष माझा होता, आणि ती आपला हात सुधारत होती!

सहामाही परीक्षा झाली. तोवर माझं शिसं आणखीच मेणचट निघत होतं. पेपर वाटताना बाई टॅनियापाशी थांबल्या. "निबंधाचं अख्खं पान कोरं? एक ओळसुद्धा नाही?"

"लिवलाय बाई."

सगळा वर्ग खो खो हसला. बाईंचा आवाज चढला. "वर खोटं बोलतेस? उद्या घरच्यांना घेऊन ये."

लुईझाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आजोबा आले. बाईंनी पेपर त्यांच्यापुढे ठेवला. म्हाताऱ्याची नजर अधू झाली होती, पण जाळ्यातला तुटका धागा त्यांची बोटं अंधारातही शोधत. सवयीनं त्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि ते थबकले.

"बाई, पान कोरं न्हाय."

"म्हणजे?"

"हात लावून बघा. पोरीनं लिवलंय."

बाईंनी पान खिडकीशी नेलं, उजेडात तिरकं धरलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. शब्द होते! रंग नसलेले, कागदात खोल रुतलेले. निबंधाचा विषय होता 'माझी आवड'. बाई अडखळत वाचू लागल्या.

"मला लिहायला आवडते. पण माझे अक्षर कोणाला दिसत नाही. माझे बोट दुखते. बाई म्हणतात मनापासून लिही. मी मनापासूनच लिहिते."

पुढे त्यांना वाचवेना. त्यांनी टॅनियाचा हात ओढून घेतला. गाठीवरची कातडी सोलवटली होती आणि तिथं रक्त सुकलेलं होतं.

"हे कधीपासून?"

"वाढदिवसापासून." मग घाईघाईनं, "मम्मीला सांगू नका हां. ती तुऱ्याची पेन्सिल तिनं हौसेनं आणलीय."

कंपासपेटीत पडल्या पडल्या मी ते ऐकलं आणि सुन्न झाले. ते रक्त माझ्यामुळे आलं होतं! ज्या हातानं मला गालाला लावलं, त्याच हाताला मी इजा केली होती. बाईंनी मला उचलून हजेरीपटाच्या मागच्या पानावर ओढलं. बारीकसा ओरखडा उठला, बाकी काही नाही.

त्यांनी पर्समधून एक सादी, जाडसर पेन्सिल काढून टॅनियाला दिली. "नाव लिही तुझं."

टॅनियानं 'टॅ' काढला आणि दचकून हात मागे घेतला. काळंभोर अक्षर! "बाई, मी दाबलंच न्हाय!"

उर्मिलाबाईंचे डोळे भरून आले. "चूक माझी झाली बाळा. मी रोज तुझी वही बघत होते. तुझा हात एकदाही बघितला नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो निबंध वर्गात वाचला आणि पेपर सगळ्यांमध्ये फिरवला. हसलेल्या प्रत्येक मुलानं त्यावरून बोट फिरवलं. लुईझाला कळायचं ते कळलंच. ती लेकीचं बोट हातात धरून खूप रडली.

आता मी बाईंच्या टेबलाच्या खणात असते. पालकसभेला त्या मला बाहेर काढतात आणि पालकांच्या हाती देऊन म्हणतात, "हिनं तुमचं पूर्ण नाव लिहा." मोठी माणसं जोर लावतात आणि बोटं चोळतात.

म्हणून मित्रांनो, दुकानात गेलात की माझ्यासारखीच्या तुऱ्याला भुलू नका. दुकानदाराकडून कागदाचा कपटा मागून घ्या आणि आधी दोन ओळी लिहून बघा. अलगद धरली तरी ती काळी उमटते का? बोटांत नीट बसते का? आणि लिहिताना हात दुखला, तर पहिल्याच दिवशी घरी सांगा. आई रागावणार नाही.