नमुन्याचे दात

लॅबच्या मालकाने डब्याचं झाकण काढलं, कापडात गुंडाळलेला प्लास्टरचा जबडा तिच्यापुढे टेबलावर ठेवला आणि घड्याळाकडे बघत म्हणाला, "एवढा एक नमुना झाला की पत्र."

तिने जबडा हातात घेतला. जुना साचा कोरडा असतो, हलका लागतो. हा तळहाताला गार आणि जड लागला, म्हणजे कालच ओतलेला. कुणाच्या तरी तोंडाचं माप काल घेतल्याशिवाय आज असा ओलसर साचा टेबलावर येत नाही, हे वीस वर्षं कवळ्या करणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. तरी तिने विचारलं, हा जुनाच ना? मालकाने बिनदिक्कत मान हलवली. जुनाच, चाचणीसाठी ठेवलेला. तिने ते ऐकून घेतलं, एप्रन बांधला आणि मेण तापत ठेवलं.

ज्या लॅबने तिला या देशात आणलं, ती दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी कुलूप लावून मोकळी झाली. तिचा परवाना त्या लॅबच्या नावावर होता. नियम सरळ होता. साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळवा, नाहीतर सामान बांधा. परवाना तिचा असला तरी त्याच्या आधारावर तिघं राहत होती. नवऱ्याला इथे काम करायची मुभा नव्हती, आणि लेकीची शाळेची शेवटची परीक्षा दीड महिन्यावर आली होती. आत्ता उठून जायचं तर पोरीचं वर्ष ना इकडचं राहणार होतं, ना तिकडचं.

गावात कवळ्या करणारी आता ही एकच लॅब उरली होती. मालकाने पहिल्याच भेटीत तिचं काम उजेडात धरून पाहिलं होतं आणि तुम्ही आमच्याच, असं म्हणून टाकलं होतं. थोडी चाचणी द्या, नोकरीचं पत्र उद्या देतो. मग सही करणारा रजेवर गेला. मग पत्राचा नमुना बदलला. मग मालकाने नवीनच काढलं, पत्र देतो, पण आधी परवाना दाखवा. परवान्याच्या कचेरीत म्हणाले, परवाना देतो, पण आधी पत्र दाखवा. दोन्हीकडची माणसं हे इतक्या शांतपणे सांगत, जणू त्यात चूक असली तर ती तिच्या समजण्यातच असावी. नवऱ्याने मालकाचं नाव उद्यासाहेब ठेवलं. आज उद्यासाहेब काय म्हणाले, असं लेक जेवताना विचारायची आणि तिघं हसायची. गेल्या आठवड्यापासून मात्र तिने विचारणं सोडलं होतं.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा लेकीचा गणवेश इस्त्री करत होता. आणखी एक नमुना दिला, हे तिने सांगितलं. त्याने इस्त्री उभी केली.

"नमुना आहे ना? मग नमुन्यापुरता कर. जीव कशाला ओततेस त्यात?"

"दात अर्धवट करता येत नाहीत."

"तो तुला राबवून घेतोय. दिसत नाही का तुला?"

दिसत होतं. म्हणूनच ती मोज्यांच्या जोड्या लावत बसली. पहिले दोन नमुने तिने निष्काळजीपणे केले असते, तर मालकाने तिला दुसऱ्याच दिवशी वाटेला लावलं असतं आणि तिला अठ्ठावन्न दिवसांतले निदान पन्नास दुसरीकडे नोकरी शोधायला मिळाले असते. पण हातात जबडा आला की तिच्याने राहवत नसे. हा माणूस कोण, किती वर्षांचा, हसताना ओठ किती वर जात असेल, याचा विचार करतच ती दात लावायला बसायची. तिच्या या चांगुलपणाचाच त्या माणसाने फास केला होता, आणि याची चीड तिला मालकाइतकीच स्वतःचीही येत होती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे एकोणसाठाव्या, ती परवान्याच्या कचेरीत गेली. जमिनीला स्क्रूने जखडलेल्या खुर्च्या, भिंतीवर सरकणारे आकडे, मांडीवर फायली घेऊन बसलेली माणसं. दीड तासाने तिचा नंबर चौथ्या खिडकीवर लागला. काचेपलीकडे निवृत्तीला आलेला एक अधिकारी होता. त्याच्या कोपराशी अर्धं खाल्लेलं सफरचंद कागदी रुमालावर ठेवलेलं होतं. त्याने ते लगबगीने बाजूला केलं, तिला बसा म्हटलं आणि तिची फाईल उघडली.

तुम्ही नाव दिलेल्या नव्या लॅबला आम्ही पत्र लिहिलं होतं, तो म्हणाला. त्यांचं उत्तर आज सकाळीच आलं. मग त्याने चष्मा वर सरकवून ते वाचून दाखवलं.

"सदर उमेदवाराची चाचणी सुरू आहे. तिचे काम अद्याप आमच्या दर्जास उतरलेले नाही. सबब नियुक्तिपत्र तूर्त देता येत नाही."

वाचून झाल्यावर तो कनवाळूपणे हसला, आणि ती बघतच राहिली.

सगळे दात एका रांगेत लावले की माणसाने तोंड उघडताच कवळी कळते. म्हणून ती वरचा बाजूचा एक दात किंचित वळवायची, शेजारच्याच्या खांद्यावर मान टेकवल्यासारखा. त्या लॅबमध्ये ही सवय दुसऱ्या कुणाला नव्हती. समोरच्या माणसाचा तो दात तसाच वळलेला होता. डावा सुळा टोकाला घासलेला होता, कारण साठीच्या तोंडात विशीचा सुळा शोभत नाही, असं एका नमुन्याच्या वेळी तिच्या मनात आलं होतं. दर्जास उतरलेले नाही, हे शब्द तिने स्वतः लावलेल्या दातांमधून बाहेर पडले होते, एकाही अक्षराला शिट्टी न वाजता. त्याच दातांनी हा माणूस सफरचंद खात होता. तिने मांडीवरची फाईल दोन्ही हातांनी घट्ट धरली.

अधिकाऱ्याला वाटलं, बाई खचली. तो हळू आवाजात म्हणाला की एक वाट आहे. हा अर्ज भरला तर तीस दिवस वाढवून मिळतात, ते त्याच्या हातात आहे. त्याने कागद काचेखालून सरकवला. सहा प्रश्न होते. पाच सोपे होते. सहाव्यात विचारलं होतं, मागील परवाना संपल्यापासून आपण मोबदल्यासह अथवा मोबदल्याविना कोणतेही काम केले आहे काय.

"इथे 'नाही' असं लिहायचं," अधिकारी बोट ठेवून म्हणाला. "हो लिहिलं तर मला काही करता येत नाही. प्रकरण वर जातं."

मालकानेही तिला हेच पढवून ठेवलं होतं. कुणी विचारलं तर नाही म्हणायचं, चाचणी म्हणजे काम नव्हे. तेव्हा तिला वाटलं होतं की तो तिच्या काळजीने सांगतोय. 'नाही' लिहिलं की तीस दिवस मिळणार होते. लेकीची परीक्षा त्यानंतर दोन आठवड्यांनी होती, म्हणजे पुन्हा एक अर्ज, पुन्हा एक 'नाही', आणि तोवर रोज सकाळी गार प्लास्टरचा जबडा. दर वेळी तिने 'नाही' लिहायचं आणि त्याच्या जोरावर मालकाने उद्या म्हणायचं. कशी बेमालूम बसवली होती सगळी घडी. आणि वर पत्रात लिहायचं की हिचं काम दर्जाला उतरत नाही.

तिने पेन उचललं.

"तुमचे दात नवीन आहेत का?" तिने विचारलं.

अधिकाऱ्याचा हात तोंडाकडे गेला. तो चांगलाच ओशाळला. महिना झाला, तो म्हणाला. आधीच्या कवळीने फार छळलं होतं, ही मात्र दिवसभर घातली तरी आठवण राहत नाही. बायकोला तर आवडलीच.

"ओळखू येतात का?" त्याने विचारलं.

"नाही. कुणालाच यायचे नाहीत."

पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरं तिने वळणदार अक्षरात लिहिली. सहाव्यापाशी क्षणभर थांबली. इस्त्रीपाशी उभा असलेला नवरा तिला दिसला, पुस्तकात डोकं घातलेली लेक दिसली. मग तिने हो लिहिलं. त्याखाली तपशिलासाठी दोन ओळी सोडल्या होत्या. त्यात तिने त्या साच्यावर कोरलेला क्रमांक लिहिला, तारीख लिहिली, उजवीकडचा दुसरा दात किती वळवला आणि डावा सुळा किती घासला तेही लिहिलं. सही केली आणि अर्ज काचेखालून परत सरकवला.

त्याने तो भराभर वाचायला घेतला आणि शेवटच्या ओळींवर अडकला. ओठ मिटलेले होते, पण आतून जीभ वरच्या दातांवरून हळूहळू फिरताना दिसत होती, उजवीकडून डावीकडे, सुळ्यापर्यंत. त्याने लॅबचं पत्र पुन्हा उचललं आणि अर्जाशेजारी ठेवलं. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

"असे किती केलेत तुम्ही?" त्याने विचारलं. या वेळी तोंड फारसं उघडलं नाही.

"अकरा. कालचा धरून."

त्याने कोरा कागद घेतला, वर तारीख टाकली.

"नावं सांगा."

"नावं मला कुणी सांगितलीच नाहीत," ती म्हणाली. "हसताना दिसले, की ओळखीन."